काचेवर सुकणारी पट्टी

माशांच्या टाक्या बनवायच्या त्या दुकानात दोघंच काम करायचे, बहीण आणि भाऊ. काच कापणं दोघांनाही यायचं, बाकीची कामं वाटून घेतलेली होती. बहीण सिलिकॉन भरायची. भाऊ वास घ्यायचा.

वास घेणं हेही काम असतं, हे बाहेरच्या माणसाला पटत नसे. पाच काचा जोडून, कोपऱ्यांत सिलिकॉन भरून टाकी उभी राहिली, की ती लगेच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नसते. सिलिकॉन ओलं असेपर्यंत त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. वरून ते लवकर सुकतं, बोट टेकवलं तर चिकटत नाही, पण आतून ओलंच असतं. अशा टाकीत पाणी भरून मासे सोडले, की सकाळी ते पोट वर करून तरंगताना दिसतात. म्हणून भाऊ प्रत्येक टाकीत खांद्यापर्यंत आत जायचा, कोपऱ्याकोपऱ्याला नाक लावायचा आणि डोकं बाहेर काढून म्हणायचा, ‘आहे अजून’, नाहीतर, ‘गेला’. वास गेला की टाकी झाली, एवढाच त्या दुकानाचा नियम. तो बापाच्या वेळेपासून चालत आला होता.

शेजारी पक्ष्यांचे पिंजरे विकणारा एक होता. तो भावाला नाकोबा म्हणायचा. नाकोबा, जरा माझ्या पोपटांकडे पण बघून जा, झालेत का ते, असं रोज एकदा तरी त्याचं व्हायचं. नाकोबाही रोज जायचा, एखाद्या पोपटापुढे नाक नेऊन गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, अजून कच्चा आहे. ही चेष्टा इतकी जुनी झाली होती, की त्यावर कुणी हसत नसे. पण एखाद्या दिवशी ती राहून गेली तर दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटे.

बहिणीला सगळे ताई म्हणत. वयानं मोठी माणसंही ताईच म्हणत. नळीतून कोपऱ्यात सिलिकॉनची धार सोडायची आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट वरपासून खालपर्यंत एका दमात फिरवायचं, हे तिचं काम. मध्ये थांबलं तर तिथे गाठ राहते. ती कधी थांबत नसे. इतक्या वर्षांत तिच्या उजव्या तर्जनीवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. कुठे अंगठा किंवा बोट यंत्रावर टेकवायची वेळ आली, की यंत्र तिचं हे बोट ओळखायला नकार द्यायचं, आणि ती निमूट दुसरं पुढे करायची. तिचं लग्न झालं होतं आणि संपलंही होतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, माणूस वाईट नव्हता, फक्त घरी नसायचा. त्यापुढे तिच्याकडे त्या विषयावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या. तो सुजला, पिवळा पडला, यंत्रावर रक्त धुऊन घ्यायला जाऊ लागला. तपासण्या झाल्या, तिची किडनी जुळली. देऊ का नको, असा प्रश्न घरात कुणी काढलाच नाही, तिनंही नाही. तिनं दुकानाला कुलूप लावलं, दारावर कागद चिकटवला आणि दवाखान्यात जाऊन पडली. डाव्या बरगडीखालून सुरू होऊन कमरेवरून पाठीकडे वळत जाणारा लांब छेद घेतला गेला. किडनी भावाला बसली. सुरुवातीला चालली. तो खाटेवर बसून चहा प्यायला, परिचारिकेच्या हातांना येणारा वास ओळखून साबण बदलला का म्हणून विचारू लागला. मग जंतूंचा संसर्ग झाला, ताप चढला, आणि तो गेला. ताईच्या बाजूचे टाके तेव्हा नुकतेच काढले होते.

डॉक्टर म्हणाले, यात कुणाची चूक नाही. तिनं मान हलवली. ती रडली नाही. नंतर रडेल, असं सगळ्यांना वाटलं. तिलाही तसंच वाटलं होतं, पण नंतरही काही आलं नाही. ती अंघोळ करायची, जेवायची, आईला औषध द्यायची, दुकान उघडायची. पिंजरेवाल्यानं पहिल्या दिवशी तिला बघून तोंड उघडलं आणि परत मिटलं.

घरात आता दोघीच होत्या, ताई आणि आई. आई सत्तरी उलटलेली, गुडघ्यांनी वाकलेली, जिभेनं अजून ताठ. मुलाचं सगळं उरकून लोक आपापल्या घरी गेले, त्यानंतरच्या एका संध्याकाळी आई ताईच्या खाटेवर येऊन बसली आणि तिच्या सदऱ्याचा काठ वर उचलून म्हणाली, बघू. व्रण तेव्हा ताजा होता, लालबुंद, दोरीसारखा. आईनं त्यावर तळहात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

“कळतंय ना गं त्याला?” आईनं विचारलं.

ताईला नेमकं काय उत्तर द्यायचं ते समजलं नाही. ती म्हणाली, “कळतंय.”

तेव्हापासून ते रोजचंच झालं. संध्याकाळी दुकानातून आलं, हातपाय धुतले, की आई येऊन बसायची आणि काठ वर करायची. तळहात ठेवायची, कधी बोटानं व्रणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. मुलाशी बोलायची, म्हणजे मोठ्यानं नाही, ओठ हलवत. मध्येच विचारायची, कळतंय ना? ताई म्हणायची, कळतंय. तेवढा वेळ ती समोरच्या भिंतीवरच्या खुंटीकडे बघत बसायची. खुंटीवर भावाचं जॅकेट होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता.

खरं म्हणजे तिला काहीही कळत नव्हतं. व्रणाच्या खालचा, पोटाकडचा वीतभर भाग ऑपरेशन झाल्यापासून मेल्यासारखा होता. आईचा हात तिथे असला काय आणि नसला काय, सारखंच. काहीतरी दाबलं जातंय, एवढंच आत कुठेतरी खोलवर समजे, भिंतीपलीकडे कुणी खुर्ची ओढावी तसं. हे आईला सांगायचं राहिलं होतं, आणि आता इतके दिवस ‘कळतंय’ म्हटल्यावर सांगायची सोय उरली नव्हती.

व्रणाचं स्वतःचं वेगळंच चाललं होतं. तो सपाट व्हायच्या ऐवजी वर येत चालला होता. जाड, कडक, चकचकीत. वरच्या कडेला खाज सुटायची, तीही काच हातात असतानाच. कपड्याचा इलॅस्टिकचा पट्टा त्यावर घासला जायचा. वाकताना बाजू खेचायची, आणि टाकीच्या खालच्या कोपऱ्यात बोट फिरवताना तर वाकावंच लागतं. एकदा बोट मध्येच थांबलं आणि गाठ राहिली. तिनं पात्यानं सगळं सिलिकॉन खरवडून काढलं आणि पुन्हा भरलं. मग ती तपासणीला गेली.

तिथे जखमा बघणारी एक सिस्टर होती, धिप्पाड, घोगऱ्या आवाजाची, बोलताना समोरच्याचं बोट धरून ठेवायची सवय असलेली. तिनं व्रण दाबून बघितला, टोकापासून टोकापर्यंत नखानं टोचत गेली आणि कुठे कळतंय, कुठे नाही ते विचारलं. बधिरपणाबद्दल म्हणाली की तिथली नस छेदाच्या वाटेवरच असते. काहींची भरून येते, काहींची नाही, वाट बघायची. पण व्रण फुगतोय त्यावर उपाय आहे. तिनं कपाटातून एक पाकीट काढलं. आत मऊ, पारदर्शक, एका बाजूनं चिकट अशी लांबट पट्टी होती.

“सिलिकॉनची आहे,” सिस्टर म्हणाली.

ताईनं पट्टी हातात घेतली, तर्जनीनं तिची कड दाबून बघितली, उजेडापुढे धरली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिला एखाद्या गोष्टीत थोडासा रस वाटला. आमच्याकडे पिंपभर असतं, ती म्हणाली. सिस्टर हसली नाही. तिनं बोट धरलं आणि सगळं समजावून सांगितलं. जखम पूर्ण भरली आहे म्हणून आता लावायची. अंघोळ सोडली तर दिवसरात्र अंगावर ठेवायची. रोज काढून साध्या साबणाच्या पाण्यानं धुवायची, कापडानं पुसायची नाही, नाहीतर धागे बसतात. हवेवर सुकू द्यायची आणि पुन्हा तीच लावायची. चिकटेनाशी झाली की बदलायची. असं काही महिने. व्रण पुसला जाणार नाही, पण खाली बसेल, मऊ होईल, खाज कमी होईल, रंग उतरेल.

“आणि मागचं टोक तुम्हाला एकटीला जमणार नाही,” सिस्टर म्हणाली. “घरी कोण आहे?”

ताई म्हणाली, आई आहे.

घरी आल्यावर ती आरशासमोर उभी राहिली, अंग पिळून जमेल तेवढी पट्टी लावली. मागचं टोक सुरकुतून वर आलं. संध्याकाळी आई नेहमीप्रमाणे येऊन बसली, काठ वर केला आणि थांबली. हे काय डकवलंस, असं तिनं विचारलं. ताईनं सांगितलं. व्रण खाली बसेल, फिका पडेल, हेही सांगितलं, कारण ते चांगलं आहे असं तिला वाटलं होतं.

आईनं त्या मागच्या सुरकुतलेल्या टोकाला धरलं आणि पट्टी काढून टाकली. जोरात नाही. भाजीची साल काढावी तशी, सावकाश. मग उघड्या व्रणावर हात ठेवला आणि म्हणाली, “झाकू नकोस. एवढंच तर राहिलंय त्याचं.”

ताईनं खुंटीकडे बघितलं. जॅकेट होतं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी सापडली नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, मला वाटलं कशाचा तरी कागद आहे, केरात गेला असेल. ताई भांडली नाही. भांडायला काहीतरी आतून उठावं लागतं, आणि आत सगळं निजलेलं होतं. पण दुकानाकडे चालताना एक गोष्ट तिच्या मनात येत राहिली. रागानं नव्हे, जमिनीवर पडलेली वस्तू दिसावी तशी. किडनी भावाला दिली होती. भाऊ गेला तेव्हा किडनीही गेली. जे उरलं ते तिच्या अंगावर होतं, खाजत होतं, वाकू देत नव्हतं, आणि ते तिचं नव्हतं. ते आईचं होतं.

तिला ते परत हवं होतं. हवं असणं म्हणजे काय ते ती जवळजवळ विसरली होती, त्यामुळे ओळखायलाही थोडा वेळ लागला.

दवाखान्यात जाऊन दुसरं पाकीट मागावं, हे सरळ होतं. पण मग पहिल्याचं काय झालं, असं सिस्टरनं बोट धरून विचारलं असतं आणि आईची गोष्ट चव्हाट्यावर आली असती. आणि शेवटी सिलिकॉनच तर. ज्या हातांनी आयुष्यभर तेच ओढलं, त्यांनी त्याच्यासाठी पदर पसरायचा हे तिला पटेना. तिनं एक काच पुसून घेतली, चारी बाजूंनी कागदी पट्ट्या चिकटवून चौकट केली आणि नळीतलं पारदर्शक सिलिकॉन आत भरलं. मऊ राहावं म्हणून जाड थर दिला. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एका दमात फिरवलं. पट्टी सुरेख झाली. पिंजरेवाला येऊन बघून गेला, ही कसली टाकी, माशांसाठी अंथरूण का, असं त्यानं विचारलं. भाऊ गेल्यापासून त्यानं केलेली ही पहिली चेष्टा. ताई म्हणाली, हो, तसंच समजा.

पट्टी सुकली की नाही हे बघायची वेळ आली, तेव्हा तिनं बोट लावून बघितलं. चिकटलं नाही. मग तिनं नाक लावलं. वास आला नाही. तिनं पट्टी सोलून काढली.

इथे चूक झाली, आणि ती कौशल्याची नव्हती, सवयीची होती. ताईचं नाक कधीच कामाचं नव्हतं. धार सोडणारा माणूस दिवसभर त्या वासातच असतो, त्याला तो येईनासा होतो. म्हणून तर बापानं वास घ्यायचं काम दुसऱ्याला दिलं होतं. इतकी वर्षं तिला वासाशी देणंघेणं नव्हतं, ‘गेला’ असं कानावर पडलं की तिच्यासाठी वास गेला. भाऊ नसताना बनवलेल्या टाक्या ती मुद्दाम एरवीपेक्षा कितीतरी जास्त दिवस ठेवत होती, म्हणून त्या निभावल्या. या पट्टीची तिला घाई होती. आणि नाकाला वास आला नाही, तेव्हा दुकानाच्या नियमानं टाकी झाली होती.

तिनं ती व्रणावर ठेवली, कडेनं कागदी चिकटपट्टी मारली, वर घट्ट बनियन घातलं आणि कामाला लागली. संध्याकाळी आई येऊन बसली तेव्हा ती म्हणाली, आज नको, अंग दुखतंय. आईनं तिच्याकडे बघितलं आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशीही ती असंच काहीतरी म्हणाली. पट्टी अंगावरच होती. काही जाणवत नव्हतं. जाणवत नाही म्हणजे ठीक आहे, असं तिनं धरलं होतं. हल्ली ती सगळ्याच बाबतीत असं धरत होती.

तिसऱ्या दिवशी दोघी जेवायला बसल्या होत्या. आईचा घास हातातच राहिला. तिनं मान वर केली, नाक उचललं, आणि दाराकडे बघितलं. दार बंद होतं. मग तिनं खुंटीवरच्या जॅकेटकडे बघितलं. मग ताईकडे.

“तो आल्यासारखा वास येतोय,” आई म्हणाली.

आवाज अगदी साधा होता, पाऊस येणारसं दिसतंय म्हणावं तसा. नाकोबा रोज घरी यायचा तेव्हा त्याच्या केसांना, बाह्यांना हा आंबट वास असायचा. जेवायच्या आधी डोक्यावरून पाणी घे, असं आई त्याला रोज सांगायची, आणि तो रोज विसरायचा.

आई उठली, गुडघ्यांवर हात देत ताईच्या बाजूला आली, आणि वासामागून गेली. सदऱ्याचा काठ वर केला, बनियन वर केलं. कागदी चिकटपट्टी ओली होऊन सुटली होती. आईनं ती धरली आणि सगळंच हातात आलं.

खाली कातडी सोललेली होती. व्रणाच्या खालच्या बाजूला, पोटाकडे लालभडक पट्टा, त्यावर फोड, काही फुटलेले, पाझरणारे. वर सुकलेलं सिलिकॉन आत ओलंच राहिलं होतं. झाकलेल्या, घामेजलेल्या जागेत त्याचं आम्ल दोन दिवस मुकाट्यानं काम करत होतं.

आईचा हात व्रणाकडे गेला आणि अलीकडेच थांबला.

“हे दुखत नाही तुला?”

“नाही.”

“एवढं भाजलंय. आग होत नाही?”

“तिथं काही वाटतच नाही, आई,” ताई म्हणाली. “पहिल्यापासून नाही वाटत.”

आई तशीच उभी राहिली. हातात ती पट्टी लोंबत होती. सगळ्या संध्याकाळींचा हिशेब तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू सरकत जाताना ताईला दिसला. आपण काहीतरी भयंकर बोलून बसलो आहोत हे तिला समजलं, पण समजलं तेही लांबूनच.

“मी हात ठेवायचे तेव्हा?”

“नाही.”

“तू तर म्हणायचीस कळतंय.”

“तुला हवं होतं म्हणून.”

आई परत आपल्या जागेवर जाऊन बसली. ताट तिनं पुढे सारलं. थोड्या वेळानं म्हणाली, “दगड आहेस.” मग आणखी थोड्या वेळानं, तेवढ्याच सपाट आवाजात, उद्या दवाखान्यात जायचं, मी पण येते, असं म्हणाली.

सिस्टरनं बघितलं आणि खुर्चीत टेकली. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली की लोक हळद लावतात, दंतमंजन लावतात, एकानं चिखल लावला होता, पण खिडक्या बसवायचं सामान घरी शिजवून अंगावर लावलेलं मी पहिल्यांदाच बघते. खिडक्या नाही, टाक्या, असं ताईनं दुरुस्त केलं. सिस्टरनं बोट धरलं. तुमचं सिलिकॉन काचेसाठी, आमचं कातडीसाठी. नाव एक म्हणून सोयरीक होत नाही. आणि जिथे संवेदना नाही ती जागा रोज डोळ्यांनी बघायची असते, कारण ती स्वतः तक्रार करणार नाही. आता ही कातडी पूर्ण भरेपर्यंत कसलीच पट्टी नाही. भरली की नवी देते. पहिलीचं काय झालं?

ताईनं खाली बघितलं. आई म्हणाली, “मी टाकली.”

सिस्टरनं ताईचं बोट सोडलं आणि आईचं धरलं. ती रागावली नाही. मावशी, एक सांगते, असं म्हणून तिनं आईला ताईच्या पाठीमागे आणून उभं केलं आणि व्रणाचं मागचं टोक दाखवलं. हे टोक हिला दिसत नाही, हिचा हात पोचत नाही, आणि पुढच्या भागाचं हिला कळत नाही. इथे जे काही होईल ते तुम्हालाच दिसणार. आई बघत राहिली. एवढे दिवस ती त्या व्रणाला मुलगा समजून हात लावत होती. तो कुणाच्या पाठीवर आहे, हे तिनं बहुधा तेव्हाच बघितलं.

त्यानंतर संध्याकाळी आई खाटेवर येईनाशी झाली. बोलणं कामापुरतं होतं. ताईला मोकळं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. फक्त ती वेळ रिकामी पडली, आणि ती त्या वेळात भिंतीकडे तोंड करून बसू लागली. कातडी भरत आली. आई रोज मागून यायची, काठ वर करायची, बघायची, ‘सुकतंय’ म्हणायची आणि जायची. हात लावत नसे.

दुकानात ताईला आता स्वतःच्या नाकाचा भरवसा उरला नव्हता. दोन टाक्या तयार होत्या, गिऱ्हाईक घाई करत होतं. तिनं पिंजरेवाल्याला बोलावलं. त्यानं टाकीत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की त्याला फक्त पोपटांचा वास येतो, तो जन्मभर तोच येणार, बायकोचंही हेच म्हणणं आहे. ताई घरी आली आणि आईला म्हणाली, उद्या दुकानात ये. आई म्हणाली, मला काय कळतंय तुमच्या कामातलं. ताई म्हणाली, वास कळतो.

आई आली. इतक्या वर्षांत ती दुकानात आत कधी आली नव्हती, दारातूनच डबा द्यायची. ताईनं स्टूल दिलं. आईनं टाकीच्या काठाला दोन्ही हातांनी धरलं आणि वाकून आत डोकं घातलं. एका कोपऱ्याला नाक लावलं, मग दुसऱ्या. तिथेच राहिली. काचेच्या आत तिचा चेहरा बाजूनं दिसत होता, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, श्वासानं काचेवर वाफ धरून विरत होती. वास आहे की नाही हे कळायला एवढा वेळ लागत नाही. पिंजरेवाला दारात येऊन काहीतरी बोलणार होता, ताईनं त्याला हातानं थांबवलं.

आईनं डोकं बाहेर काढलं. डोळे लाल होते. ओल्या सिलिकॉननं डोळे चुरचुरतात, सगळ्यांचेच.

“आहे अजून,” ती म्हणाली.

“बरं,” ताई म्हणाली. “मग परवा पुन्हा बघ.”

आई परवा आली. नंतरही येत राहिली. झालेली टाकी असली तरी ती कोपऱ्याकोपऱ्याला जाऊन यायची, आणि ओली असली की जास्त वेळ आत राहायची. ताई तोवर पात्याची धार बघायची, काच कापायची हिरकणी पुसायची. एकदा पिंजरेवाल्याला राहवलं नाही. मावशी, आमचे पोपट झाले का बघता का, म्हणाला. आईनं त्याच्याकडे, मग पोपटाकडे बघितलं आणि म्हणाली, तू आधी अंघोळ कर, मग सांगते. तो खूष होऊन गेला.

कातडी भरल्यावर सिस्टरनं नवं पाकीट दिलं. त्या संध्याकाळी ताई खाटेवर कुशीवर पडली. तिनं स्वतःच सदऱ्याचा काठ वर केला आणि पाकीट आईच्या हातात दिलं. आईनं चष्मा लावला, पाकिटावरची चित्रं बघितली, पट्टी सोडवली. मग विचारलं, “लावू?”

असं तिनं आधी कधी विचारलं नव्हतं.

“लाव,” ताई म्हणाली.

पुढे ते त्यांचं ठरूनच गेलं. सकाळी ताई अंघोळीला जाताना आई पट्टी काढून घ्यायची, मोरीत बसून साबणाच्या पाण्यात बोटांनी हळूहळू धुवायची, लहान मुलाचा गळा धुवावा तशी. सुकवायला ताईनं दुकानातून काचेचा एक तुकडा आणला होता, कडा घासून गुळगुळीत केलेला. आई त्यावर पट्टी उताणी ठेवायची आणि खिडकीत उभा करायची. तेवढा वेळ व्रण उघडा असे. आई तो बघायची, बोट टेकवायचं असलं तर विचारायची. कधी ताई हो म्हणायची, कधी नको म्हणायची. नको म्हटलं तर आई ऐकायची. तोंड वाकडं करायची, पण ऐकायची.

व्रण खाली बसत गेला. दोरीचा दोरा झाला नाही, पण दोरी ढिली झाली. लाल होता तो तपकिरी झाला, मग कडेनं कातडीच्या रंगाकडे सरकू लागला. खाज गेली. ताई टाकीच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत वाकू लागली आणि बोट मध्ये थांबेनासं झालं. बधिर भाग तेवढाच राहिला.

एका सकाळी पट्टी खिडकीत सुकत होती. आईनं चष्मा सारखा केला, खाली वाकली, मागच्या टोकापासून पुढे बघत आली आणि थांबली.

“फिका पडला,” आई म्हणाली.

आईच्या गुडघ्याचा कट असा आवाज झाला. बाहेर कुणीतरी बादली ओतली.

“पडू दे,” आई म्हणाली, आणि उठून खिडकीकडे गेली.

तिनं काचेवरची पट्टी बोटाच्या टोकानं चाचपली, नाकाजवळ नेली, सवयीनं हुंगली. तिला कसलाच वास नव्हता, कधी नसायचाच. मग ती येऊन बसली आणि मागच्या टोकापासून लावायला सुरुवात केली. ताई खुंटीकडे बघत पडून होती. पाठीवर सुरुवातीला आईची बोटं गार लागली, नंतर बधिर भाग आला आणि काही लागेनासं झालं. पट्टी नीट बसली आहे, कुठे सुरकुती नाही, हे आईनं सदऱ्याचा काठ खाली ओढला तेव्हा कळलं.